गेंदसिंगची हरकत

"फडकं राहू दे, गेंदसिंग," मी म्हणालो, तोवर त्यानं पिंजऱ्यावरचं फडकं ओढलंच होतं.

आतल्या तितरानं मान उंचावली, माझ्याकडे एकदा तिरकं पाहिलं आणि असा काही ओरडला की तहसील कचेरीच्या आवारातली झाडून सगळी माणसं वळली. फेरफाराच्या नकलेसाठी ताटकळलेले लोक हसायला लागले. व्हरांड्यातल्या पट्टेवाल्यानं "ए, काय लावलंय रे!" म्हणून दम भरला. गेंदसिंगवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. त्यानं पिंजरा माझ्या टेबलावर, थेट दौतीशेजारी ठेवला आणि विचारलं, "मुन्शीजी, याच्यावर बंदी येऊन राह्यली म्हन्ते. खरं हाय का?"

"कोण म्हणतं?"

त्यानं डोक्याच्या फेट्यातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडला. कागदाच्या पाठीला खळ लागलेली होती आणि तिच्यासोबत भिंतीच्या चुन्याचा पोपडाही आला होता. वनखात्याच्या रेंज कचेरीबाहेर लावलेली सरकारी नोटीस गेंदसिंगनं अख्खी सोलून आणली होती.

"अरे, हा भिंतीवरून काढलास तू?"

"मले वाचता येत नाई, अन् तुमी तं इथं बसता," तो म्हणाला. "आता भीत उचलून आनू का?"

मी अर्जनवीस होतो. मांडवखेडच्या तहसील कचेरीत कडुनिंबाखाली माझं एक टेबल, एक खुर्ची आणि पक्षकारांसाठी एक डुगडुगता बाक होता. अडलेल्या माणसाचं गाऱ्हाणं सरकारला समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं, हा माझा धंदा. आवारात आम्ही चौघं अर्जनवीस होतो, पण माझा अर्ज दुरून ओळखू यायचा. बाकीचे पाव पानात उरकायचे. माझा अर्ज तीन पानांच्या खाली कधी आला नाही. कोण, कुठं, केव्हा, किती, कोणासमक्ष, एकेक गोष्ट मी खोदून विचारायचो आणि मोत्यासारख्या अक्षरात मांडायचो. तपशिलावाचून अर्ज म्हणजे मिठावाचून वरण, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. त्या वयात माझा माझ्या अक्षरावर फार जीव होता, आणि अकलेवर त्याहून जास्त.

गेंदसिंग सोळंके फासेपारधी होता. सावरखेडच्या माळावर त्याचा बेडा, म्हणजे पाच-सहा झोपड्यांची वस्ती होती. तितर आणि लावे फासात धरायचे आणि बाजारात विकायचे, हे त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. आदल्या वर्षी मी त्याच्या रेशनकार्डाचा अर्ज लिहिला होता आणि चमत्कार म्हणजे दोन महिन्यांत कार्ड मिळालंही होतं. तेव्हापासून माझ्या लेखणीत देवी बसलेली आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली होती, आणि ती दूर करायचा मी कधी प्रयत्न केला नाही.

मी नोटीस वाचली. रानातल्या पाखरांच्या शिकारीच्या नियमांमध्ये सरकार दुरुस्ती करणार होतं आणि तिचा मसुदा लोकांच्या माहितीसाठी लावला होता. परवाना काढून बंदुकीनं तितर मारायला ठरावीक महिन्यांत मुभा राहणार होती. फास, जाळं किंवा पाळीव पाखराचं आमिष लावून धरायला मात्र बारा महिने बंदी. ही साधनं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा ठरणार होता.

मी हे त्याला सोपं करून सांगितलं. तो बराच वेळ पिंजऱ्याच्या काड्यांवरून बोट फिरवत राहिला.

"म्हंजे बंदुकीनं मारलं तं चालते, अन् जिवंत धरलं तं नाई?"

"तसंच दिसतंय."

"बंदुकीतल्या गोळीले नर-मादी कळते का, मुन्शीजी?"

बंदूकवाले कोण ते साऱ्या तालुक्याला माहीत होतं. थंडीच्या दिवसांत रविवारी गडी-माणसं घेऊन जीपमधून माळावर जायचे आणि संध्याकाळी बॉनेटवर पाखरांच्या माळा टाकून परत यायचे. त्यांचे पुढारी बेदरकर वकील. माझं टेबल त्यांच्या मेहेरबानीवर नसलं तरी त्यांच्या नजरेसमोर होतं.

नोटिशीच्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. "हे बघ," मी म्हणालो, "कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवा, असं लिहिलंय. सरकार हरकतींचा विचार करेल."

"कोनाची म्हंजे?"

"कोणाचीही."

"आमाले इचारते सरकार?" गेंदसिंगचा चेहरा मला अजून दिसतो. साठीला टेकलेल्या त्या माणसाला सरकारनं आजवर हटकलं होतं, हाकललं होतं, चावडीवर हजेरीला उभं केलं होतं. विचारलं कधी नव्हतं. "इचारलं हाय तं सांगा लागते, मुन्शीजी. लिवा."

मुदतीचे तीन दिवस उरले होते. मी नवा कागद घेतला.

त्याची बायको झुंबर इतका वेळ निंबाच्या बुंध्याशी बसली होती. ती उठून पुढे आली. उंच, काटक बाई, कपाळावर गोंदण. नवऱ्याकडे न बघता ती मला म्हणाली, "लिवायचं तं लिवा, पन नाव नका टाकू."

"का?"

"आमच्या सासऱ्याचं नाव पोलिसाच्या वहीत व्हतं, जातच चोर म्हनून. मरेपर्यंत रोज रातच्याला चावडीवर जाऊन निजत जाय. कायदा गेला, वही गेली म्हन्ते, तरी चोरी झाली का पोलीस आमच्याच दारात येते. आता आपल्या हातानं काहून नाव द्यायचं?"

"झुंबरबाई," मी शहाणपणानं म्हणालो, "निनावी कागद केराच्या टोपलीत जातो. सरकारला खात्री पटवायची तर सगळं खरंखरं, तपशीलवार सांगावं लागतं. तुम्ही लपूनछपून काही करत नाही, उलट पाखरू जपून धरता, हेच तर दाखवायचं आहे."

"दाखोलं का सरकार पाह्यतेच," ती म्हणाली आणि पुन्हा बुंध्याशी जाऊन बसली. त्यात होकार नव्हता, पण मी तो होकार धरला.

मग मी विचारत गेलो आणि गेंदसिंग सांगत गेला. असा पक्षकार मला आयुष्यात दुसरा भेटला नाही. पाखरं जोडीला लागली की त्यांचा बेडा फास गुंडाळून ठेवतो आणि दसऱ्याला पूजा करूनच बाहेर काढतो. मधल्या दिवसांत ते मजुरीला जातात. फासात मादी आली तर तिला सोडतात. नराच्या पायाला काटा असतो, मादीच्या नसतो, ते हात लावताच कळतं. एका माळावर सलग दोन दिवस फास मांडत नाहीत. पाळलेला नर मध्ये ठेवायचा आणि भोवती फास रोवायचे. तो ओरडला की त्या माळाचा मालक असलेला रानातला नर भांडायला धावून येतो आणि अडकतो. माद्या लांबच राहतात.

"म्हंजे फासात पहिलवानच येते," गेंदसिंग म्हणाला, "लेकुरवाळी नाई येत."

हे वाक्य मी जसंच्या तसं अर्जात घातलं आणि स्वतःवर खूश झालो.

तरी मला अजून तपशील हवा होता. "फास कशाचे?"

"घोड्याच्या शेपटीच्या केसाचे. खुट्या बांबूच्या."

"किती?"

"चार कोड्या अन् वरती दोन. माह्या बापाच्या हातच्या हायेत. एकेका खुटीवर तीन डाग देल्ले हाय, आमच्या घराची खून."

मी लिहिलं: ब्याऐंशी फास, खुंट्यांवर तीन डाग. "ठेवतोस कुठं? घरात?"

"घरात उंदीर कुरतडते. कापशी नाल्यावर चिंच हाय, तिच्या ढोलीत ठेवतो."

तेही लिहिलं. मग पिंजऱ्याकडे वळलो. पाखराचं नाव रंग्या. वय सहा वर्षं, अंड्यातून निघाल्यापासून याच्याच हातात वाढलेलं. उजव्या पायाचं मधलं बोट नाही, लहानपणी मुंगसानं तोडलेलं. बेड्यात कुत्री फार, म्हणून रात्री टेकडीखालच्या ओसाड खोपीत ठेवलेलं. हे सगळं अर्जात कशाला हवं, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं पाहिजे, हा माझा बाणा होता.

चार पानं झाली. मी ती गेंदसिंगला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्या वेळी तो नुसता ओठ हलवत होता, जणू पाठ करत होता. मग खाली वाकून त्यानं चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि म्हणाला, "यातलं एक बी खोटं असन तं मले हीच माती मिळो." त्याच्या लोकांत यापुढे बोलणं नसतं. मग अंगठा उमटवला. खाली मी लफ्फेदार अक्षरात लिहिलं: लिहिणार, भास्कर उमरीकर, परवानाधारक अर्जनवीस.

रेंज कचेरीत मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो. रेंजर खानझोडे सज्जन माणूस होता, निदान उद्धट तरी नव्हता. त्यानं चार पानं उलटसुलट पाहिली. "काय हो उमरीकर, हरकत आहे का पोथी?" असं हसत म्हणाला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. टेबलावर आणखी एकच हरकत पडली होती, बेदरकर वकिलांची. मी उलटीच वाचली. एकच ओळ होती: शिकारीचा हंगाम पंधरा दिवस आधी सुरू करावा. एवढा मोठा वकील आणि एवढा भिकार अर्ज, असं माझ्या मनात आलं. बाहेर पडल्यावर मी गेंदसिंगलाही तसं बोलून दाखवलं.

"आता पुढं काय?" त्यानं विचारलं.

"आता उत्तर येईल."

"तोवर?"

"तोवर काय? उत्तर येईपर्यंत हरकत उभी असते," मी म्हणालो. कचेरीच्या आवारात पंधरा वर्षं बसून माणसाच्या तोंडी अशी वाक्यं बसतात. ती खरी आहेत की नाहीत, हे कोणी तपासून पाहत नाही.

त्यानंतर दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, गेंदसिंग माझ्या टेबलापाशी यायचा. "उत्तर आलं का?" "नाही रे, सरकारी काम आहे." कधी तो शिक्क्याची प्रत फेट्यातून काढून मला दाखवायचा, जणू मीच विसरलो असेन. एकदा दोन तितर घेऊन आला. मी नको-नको म्हणत ठेवून घेतले. आमच्या घरी त्या रात्री रस्सा झाला आणि तो फार छान झाला होता, हे मी नाकारत नाही.

पावसाळ्यात बेडा मजुरीला खाली खानदेशाकडे गेला आणि नेमकं त्याच काळात नियम पक्के होऊन आले. खानझोड्यानं मला राजपत्र दाखवलं. फास, जाळं, आमिष यांवर पूर्ण बंदी. मसुद्यातला शब्दही हलला नव्हता. हंगाम मात्र पंधरा दिवस आधी सुरू होणार होता.

"आमच्या अर्जाचं काय झालं?" मी विचारलं.

"वर पाठवला होता की," खानझोडे म्हणाला. "त्याची एक प्रत इथं फाइलला आहे."

"उत्तर?"

"असल्या हरकतींना वेगवेगळं उत्तर देत नाहीत हो. नियम आला, हेच उत्तर."

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी गेंदसिंग आला. त्या दिवशी माझ्या बाकावर भाऊबंदकीतले नऊजण बसले होते, एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, आणि त्यांची वाटणी मी कागदावर धरायचा प्रयत्न करत होतो. गेंदसिंग गर्दीतून वाकून म्हणाला, "मुन्शीजी, आलं का?"

"नियम आला रे. बंदी झाली."

"बंदीचं नाई इचारत. आपल्या हरकतीचं उत्तर?"

"ते नाही आलं."

"मंग आपली हरकत उभी हाय," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

मी मान वर केली. त्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, की बाबा, मी बोललो ते आवारातलं बोलणं होतं, त्याला काही अर्थ नाही, फास जाळून टाक आणि रंग्याला सोड. एवढं सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण थोरल्या भावानं धाकट्याची गचांडी धरली, मी त्यांच्याकडे वळलो, आणि पुन्हा पाहिलं तर गेंदसिंग निघून गेला होता. पुढच्या मंगळवारी सांगू, असं मी स्वतःला म्हणालो.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. झुंबर आली. ती टेबलापुढे उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "नेलं त्याले. जंगलवाले आले व्हते. बेड्यात आलेच नाई पयले. नीट नाल्यावर गेले, चिंचेच्या ढोलीत हात घातला. मंग टेकडीखालच्या खोपीतून रंग्याले काढलं. कोनी सांगतलं त्याईले, मुन्शीजी? जवळच्या बेड्याले बी ठावकं नव्हतं."

मला ते तत्क्षणी कळलं. पण मी काय म्हणालो? "बघतो, चौकशी करतो," असं म्हणालो. ती तशीच निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी रेंज कचेरीत गेलो. खानझोड्याच्या टेबलावर माझी चार पानं होती. चिंच, ढोली, खोप, ब्याऐंशी फास या शब्दांखाली लाल पेन्सिलीच्या रेघा ओढल्या होत्या.

"साहेब, हा अर्ज बंदी यायच्या आधीचा आहे," मी म्हणालो. "त्या माणसानं विश्वासानं सांगितलंय."

"मला कळत नाही का?" खानझोडे चिडला, पण चिडणं माझ्यावर नव्हतं. "वरून विचारणा आली, नव्या नियमाखाली तुमच्या रेंजमध्ये कारवाई किती? शून्य, असं मी लिहू शकत नाही. शिकार कोण करतं, कुठं करतं, याची अख्ख्या कचेरीत ही एकच नोंद आहे. बेदरकरांच्या अर्जात आहे का काही? तुम्हीच सांगा, मी कुठं जाऊ?"

तो म्हणत होता ते खरं होतं.

गेंदसिंगचं वकीलपत्र तायडे नावाच्या एका तरुण वकिलानं आपण होऊन घेतलं. खटल्याच्या आदल्या दिवशी तो माझ्या घरी आला, चहासुद्धा घेतला नाही.

"उमरीकरसाहेब, त्यांच्याकडे पुरावा काय आहे? ढोलीत फास सापडले, तिथं कोणी नव्हतं. ओसाड खोपीत पाखरू सापडलं, तिथंही कोणी नव्हतं. ते गेंदसिंगचं आहे हे फक्त तुमच्या अर्जावरून ठरतं. तीन डाग, तुटकं बोट. उद्या अक्षर ओळखायला तुम्हाला बोलावणार."

"अक्षर माझंच आहे हो."

"असू द्या की. अक्षर तुमचं, हे कबूल करा. पण मजकूर कोणाचा, असं मी विचारीन. तेव्हा म्हणा, पारध्यांची सर्वसाधारण माहिती होती, बाकीचे तपशील मी मनानं भरले, अर्ज वजनदार व्हावा म्हणून. त्याला नीट वाचूनही दाखवला नाही, नुसता अंगठा घेतला. अर्जनवीस असं करतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. तो सुटेल."

"आणि माझा परवाना?"

"जाईल कदाचित," तो म्हणाला. "खोटं सांगत नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात टेबलावर मुद्देमाल मांडला होता: फासांचा भारा आणि पिंजऱ्यात रंग्या. गेंदसिंग आरोपीच्या जागी उभा होता. मला पाहताच त्यानं हात जोडले. महिनाभरात तो निम्मा झाला होता. मागे दारापाशी झुंबर भिंतीला टेकून बसली होती.

सरकारी वकिलानं अर्ज पुढे केला. न्यायाधीश सावकाश वाचणारा माणूस होता. त्यानं चारही पानं मोठ्यानं वाचली, एकेक शब्द सुटा करून. पहिलवानच येतो, लेकुरवाळी येत नाही, या वाक्यापाशी तो क्षणभर थांबला, चष्म्यावरून गेंदसिंगकडे पाहिलं आणि पुढे वाचू लागला. गेंदसिंग टाचा उंचावून ऐकत होता. मी लिहिलेली ती वाक्यं इतकी सुंदर कधी ऐकू आली नव्हती, आणि प्रत्येक वाक्यागणिक मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"अक्षर तुमचं?"

"होय, माझंच."

मग तायडे उठला. "साक्षीदारांनी सांगावं, यातला मजकूर कोणाचा? आरोपीनं सांगितलेला, की तुम्ही तुमच्या मनानं घातलेला?"

मी तोंड उघडलं. समोर टेबल होतं, कडुनिंबाखालचं नव्हे, पण मला तेच दिसत होतं. पंधरा वर्षांत जमवलेलं नाव, घरातली चार तोंडं, आवारातल्या बाकीच्या तिघा अर्जनवीसांचे चेहरे. आणि बाजूला गेंदसिंग.

"सायेब," गेंदसिंग मध्येच बोलला.

"तुला विचारलेलं नाही," न्यायाधीश म्हणाला.

"एक बोलू द्या, सायेब. या मानसावर आळ नका घेऊ. यानं मनचं काई बी नाई घातलं. मी सांगतलं तसंच लिवलं, अन् दोनदा वाचून दाखोलं. मी माती खाल्ली हाय त्या कागदावर. समदं खरं हाय."

तायडेनं डोळे मिटून घेतले. न्यायाधीशानं लेखणी उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि लिहायला लागला.

त्याला आता चाळीस वर्षं होत आली. मी काय बोलणार होतो, असं मी स्वतःला किती वेळा विचारलं त्याची गणती नाही. वाचवणार होतो, असं काही दिवस वाटतं. काही दिवस तसं वाटत नाही. गेंदसिंगनं मला ते कळूच दिलं नाही. माझा परवाना राहिला, मी आणखी बावीस वर्षं त्याच निंबाखाली बसलो. अर्ज मात्र पाव पानाचे लिहायला लागलो, आणि लोक म्हणायचे, उमरीकर आता पूर्वीसारखं मन लावून लिहीत नाहीत.

शिक्षा तीन महिन्यांची झाली. फास जाळायचे आणि पाखरू जंगलात मोकळं सोडायचं, असा हुकूम झाला. ते ऐकून गेंदसिंग पहिल्यांदा घाबरला. "सायेब, त्याले रान ठावकं नाई हो, कोल्हा खाईन त्याले," असं तो म्हणत राहिला. पण पुढचा खटला पुकारला गेला होता आणि शिपायानं त्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. झुंबर दोन पावलांवर उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला त्याची माफी मागायची होती. शब्द जुळवणं हा तर माझा धंदा, पण एक शब्द जुळत नव्हता.

त्यानंच आवाज खाली आणून मला विचारलं, "मुन्शीजी, एवढा मोठा सायेब, त्यानं सोता समदा कागद वाचला. अदी कोनी वाचलाच नसन. आता तं उत्तर येईन ना?"

शिपाई गालात हसला.

"येईल," मी म्हणालो.

"मंग आलं का झुंबरले सांगजा," गेंदसिंग म्हणाला, आणि शिपायाच्या पुढे होऊन पायऱ्या उतरायला लागला.